रॉकगीतांचे दडलेले अर्थ आणि न ऐकलेली कडवी

१९ सप्टेंबर १९८४ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीचा प्रचार ऐन भरात असताना, रोनाल्ड रेगन न्यू जर्सी राज्यातील हॅमंटन या गावी भाषणासाठी गेले. अमेरिकेचे भवितव्य तरुणांच्या मनातील स्वप्नांत आहे असे त्यांनी तेथे सांगितले आणि त्याच ओघात, त्या राज्याचे सुपुत्र ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरवाने उल्लेख केला. रेगन यांनी कोणत्याही एका गाण्याचे नाव घेतले नव्हते. परंतु त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालेला 'बॉर्न इन द यूएसए' हा अल्बम तेव्हा देशभर वाजत होता, त्याच्या मुखपृष्ठावर राष्ट्रध्वजाचे लाल-पांढरे पट्टे होते, आणि शीर्षकगीताच्या ध्रुवपदात आपण अमेरिकेत जन्मलो एवढेच स्प्रिंगस्टीन बेंबीच्या देठापासून पुन:पुन्हा सांगत होते. हे देशाभिमानाचे गाणे आहे अशी समजूत पसरायला तेवढे पुरेसे होते.

कडवी ऐकली की चित्र नेमके उलटे दिसते. गाण्यातला निवेदक अखेरच्या घटका मोजणाऱ्या एका गावात जन्मलेला आहे. किरकोळ भानगडीत सापडल्यावर त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला व्हिएतनामच्या युद्धावर पाठवले जाते. परत आल्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याला काम मिळत नाही आणि माजी सैनिकांच्या कार्यालयातूनही तो रिकाम्या हातांनी परततो. खे सान येथे लढलेला त्याचा भाऊ आता या जगात नाही. आणि शेवटी, तुरुंगाच्या सावलीत उभा राहून, आपल्याला जायला कोठेही जागा उरलेली नाही असे तो सांगतो. हे सारे कानांत असताना ध्रुवपद ऐकले, तर त्यात अभिमानापेक्षा 'मी याच देशात जन्मलो, मग माझ्या वाट्याला हे का' हा संताप अधिक ऐकू येतो. स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये हेच गाणे केवळ गिटारच्या साथीने, खालच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते, आणि ते ध्वनिमुद्रण पुढे १९९८ मध्ये 'ट्रॅक्स' या संचातून लोकांसमोर आले. ती आवृत्ती ऐकणाऱ्या कोणालाही हे विजयगीत वाटणार नाही. कथा तीच आहे. सिंथेसायझरची तुतारीसारखी धून आणि ड्रमचे घणाघाती ठोके तेवढे तेथे नाहीत.

रॉकगीतांच्या दडलेल्या अर्थांविषयी लिहिताना मी या गाण्यापासून आरंभ केला, कारण माझे मुख्य म्हणणे त्यात आलेले आहे. साधारणपणे १९६५ ते १९८५ या दोन दशकांतल्या ज्या गाण्यांना आज 'क्लासिक रॉक' म्हटले जाते, त्यांचे अर्थ गीतकारांनी दडवून ठेवल्याची उदाहरणे थोडी आहेत. बहुतेक वेळा अर्थ कडव्यांत उघड लिहिलेला असतो आणि चाल, ताल व ध्रुवपद यांच्या जोरापुढे तो ऐकणाऱ्याच्या कानावरून निसटून जातो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून ही गाणी ज्या पिढ्यांनी ऐकली, त्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. परक्या भाषेतले गाणे आधी चालीने भेटते, मग ध्रुवपदाने, आणि कडव्यांपर्यंत पोचायला कधीकधी वर्षे लागतात. म्हणून दडलेला अर्थ शोधण्याचे पहिले काम अगदी साधे आहे: गाण्यात 'मी' म्हणणारा माणूस कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, आणि पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत त्याचे काय होते, हे आधी नीट पाहणे. गीतकार आणि गाण्यातला 'मी' हे एकच आहेत असे गृहीत धरले की निम्मी गफलत तेथेच होते.

'द पोलीस' या बँडचे १९८३ मधले 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लग्नसमारंभांत ते प्रेमगीत म्हणून आजही वाजवले जाते, आणि अँडी समर्स यांच्या गिटारची संथ, गोल फिरणारी धून ऐकली की तसे का होते हे कळते. बँडचे गायक स्टिंग यांनी ते १९८२ मध्ये, पहिला विवाह मोडत असताना, जमैकामधील गोल्डनआय या घरात लिहिले. याच घरात पूर्वी इयन फ्लेमिंग यांनी जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. गाण्यातला 'मी' समोरच्या व्यक्तीला काय देऊ करतो हे तपासले तर काहीच सापडत नाही. तो फक्त पाहतो. तिचा प्रत्येक श्वास, प्रत्येक हालचाल, तिने टाकलेले प्रत्येक पाऊल आणि मोडलेला प्रत्येक शब्द यांवर आपली नजर आहे एवढेच तो सांगत राहतो, आणि ती आपल्या मालकीची आहे हे तिला कळत कसे नाही असे विचारतो. हे गाणे मत्सराचे आणि पाळतीचे आहे, त्याला गोड प्रेमगीत समजणे ही चूक आहे, असे स्टिंग यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. ते सांगण्याची गरज खरे तर पडायला नको होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गाण्याची ताकदही यातच आहे: पाळत ठेवणाऱ्याला आपली पाळत प्रेमच वाटत असते, आणि म्हणून त्याच्या तोंडी एवढी गोड चाल शोभते.

ही झाली सरळ बोलणारी गाणी. आता ज्या गाण्यांत गीतकाराने खरोखरच रूपक रचले आहे त्यांच्याकडे वळतो, आणि तेथे पहिले नाव 'हॉटेल कॅलिफोर्निया'चे घ्यावे लागते. 'ईगल्स' या बँडने डिसेंबर १९७६ मध्ये त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध केला. धून डॉन फेल्डर यांची, आणि शब्द प्रामुख्याने डॉन हेन्ली व ग्लेन फ्राय यांचे. या गाण्याइतक्या अफवा क्वचितच दुसऱ्या गाण्याभोवती जमल्या असतील. ते सैतानपूजकांच्या मठाविषयी आहे, ते मनोरुग्णालयाविषयी आहे, ते तुरुंगाविषयी आहे, ते नरभक्षकांविषयी आहे, असे सगळे लोक छातीठोकपणे सांगत आले आहेत. अल्बमच्या आतील छायाचित्रात सज्जावर दिसणारी अंधूक आकृती म्हणजे सैतानपंथाचे संस्थापक अँटन लावे होत, असेही सांगितले गेले. मुखपृष्ठावरची इमारत मात्र लॉस एंजेलिस परिसरातले प्रसिद्ध बेव्हर्ली हिल्स हॉटेल आहे, आणि चित्रपटसृष्टीतील बड्या लोकांची तेथे ऊठबस असे. कोणत्याही गूढ पंथापेक्षा हा तपशील गाण्याच्या अर्थाच्या अधिक जवळ नेतो.

गाण्याची कथा अशी आहे. रात्री वाळवंटातल्या रस्त्याने गाडी चालवणारा एक माणूस थकतो, त्याला दूरवर दिवा दिसतो आणि तो एका हॉटेलाशी थांबतो. दारात एक स्त्री उभी असते. हा स्वर्ग असेल किंवा नरक असेल, असे तो मनाशी म्हणतो. आत अंगणात लोक नाचत आहेत, काही आठवण्यासाठी आणि काही विसरण्यासाठी. तो मद्य मागवतो तेव्हा त्याला उत्तर मिळते की ते १९६९ पासून येथे मिळत नाही. छताला आरसे आहेत, बर्फात ठेवलेली गुलाबी शॅम्पेन आहे, आणि ती स्त्री त्याला सांगते की येथे आम्ही सगळे कैदी आहोत आणि हा तुरुंग आमचा आम्हीच बांधला आहे. मग मेजवानीसाठी सगळे जमतात, सुऱ्यांनी एका श्वापदावर वार करतात, पण ते मरत नाही. शेवटी तो दाराकडे धावतो, तेव्हा रात्रपाळीचा रखवालदार त्याला शांतपणे सांगतो की हिशेब केव्हाही चुकता करा, येथून जाणे मात्र होणार नाही.

यात दोन खुणा मला निर्णायक वाटतात. पहिली खूण १९६९ या सालाची. मद्यासाठी तेथे वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ चैतन्य असा आहे, आणि तो श्लेष मुद्दाम केलेला आहे. १९६९ हे वुडस्टॉकच्या प्रचंड रॉक महोत्सवाचे वर्ष, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सन या पंथप्रमुखाच्या टोळीने हत्याकांड घडवले, तर डिसेंबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात, बंदोबस्तासाठी आणलेल्या 'हेल्स एंजल्स' या मोटारसायकलस्वारांच्या टोळीतील एकाने अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून ठार केले. साठीच्या दशकातील आदर्शवाद त्या वर्षाबरोबर संपला ही भावना त्या पिढीत खोल रुजलेली होती, आणि गाण्यातला नोकर एका वाक्यात तेच सांगतो. दुसरी खूण तुरुंग आपणच बांधल्याच्या ओळीची. जो अर्थ सैतान, रुग्णालय किंवा कारागृह यांच्याकडे बोट दाखवतो त्याला या ओळीचे काय करायचे हे कळत नाही, कारण त्या सर्व ठिकाणी माणसाला दुसरे कोणी कोंडतात. आपल्याच हौसेने आत शिरून अडकण्याची गोष्ट असेल तरच ही ओळ बसते. मग ते मादक द्रव्यांचे व्यसन असो, पैसा असो, किंवा कीर्ती. हेन्ली यांनीही निरागसतेकडून अनुभवाकडे होणारा प्रवास आणि अमेरिकी चंगळवादाची काळी बाजू अशा शब्दांत गाण्याचे सार सांगितले आहे. अल्बमवर वाजवणाऱ्या पाचही जणांपैकी एकही कॅलिफोर्नियात जन्मलेला नव्हता. हेन्ली टेक्सासचे, फ्राय मिशिगनचे, फेल्डर फ्लोरिडाचे. दुरून दिसलेल्या दिव्याकडे गाडी वळवणारा तो माणूस कोठून आला असेल, हे या माहितीनंतर निराळे सांगावे लागत नाही.

सुऱ्यांची ओळ मात्र वेगळ्या जातीची आहे. सुऱ्यांसाठी वापरलेल्या विशेषणात 'स्टीली डॅन' या समकालीन बँडच्या नावाची खूण आहे; त्याच वर्षी त्या बँडने आपल्या एका गाण्यात, शेजारी ऐकत आहेत तेव्हा ईगल्सचा आवाज वाढव, अशी ओळ घातली होती, आणि हे तिला दिलेले मैत्रीपूर्ण उत्तर होते. सैतानाचा अर्थ लावणाऱ्यांनी याच ओळीवर सर्वाधिक भार दिला. एखाद्या गाण्यात मित्राला केलेली खूण असते आणि गाण्याचा कणाही असतो, पण खुणेलाच कणा समजले की सगळी इमारत कलते. आपल्या एकनाथांनी विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध हे लगेच सांगून टाकले. ऐकणाऱ्याच्या हाती किल्ली दिलेली असल्यामुळे तेथे वाद उरत नाही. ईगल्सनी किल्ली गाण्यात ठेवली नाही, त्यामुळे ती शोधताना प्रत्येक ओळीला कस लावावा लागतो. अर्थ एका ओळीला चपखल बसतो एवढ्यावर समाधान मानू नये. बाकीच्या ओळींना तो कोठे अडतो ते पाहावे. (मेक्सिकोतील तोदोस सांतोस येथे त्याच नावाचे एक हॉटेल आहे आणि अनेक पर्यटक ते गाण्यातले मूळ हॉटेल समजून जातात, बँडने २०१७ मध्ये त्या हॉटेलवर दावा लावला होता आणि पुढच्या वर्षी तो मिटला.)

तिसरा प्रकार कोड्याचा. डॉन मॅक्लीन यांचे १९७१ मधले 'अमेरिकन पाय' साडेआठ मिनिटांचे आहे आणि त्यात खरोखरच संदर्भ पेरलेले आहेत. तरीही सगळ्या संदर्भांची खात्री सारखी नाही, आणि ही पायरी ओळखणे हेच अशा गाण्याचा अर्थ लावण्याचे खरे कौशल्य आहे. आरंभीची घटना निर्विवाद आहे: ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यातील क्लियर लेकजवळ एक छोटे विमान कोसळले आणि बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व 'बिग बॉपर' या नावाने ओळखले जाणारे जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक वैमानिकासह मरण पावले. गाण्यात फेब्रुवारी महिना आहे, दारोदार वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा आहे, नुकत्याच विधवा झालेल्या नवरीचा उल्लेख आहे. मॅक्लीन लहानपणी वर्तमानपत्रे टाकत असत आणि अल्बम त्यांनी बडी हॉली यांना अर्पण केलेला आहे. याच्या एक पायरी खाली काही उल्लेख आहेत ज्यांत दुसऱ्या गाण्यांची नावे जशीच्या तशी येतात: बीटल्सचे 'हेल्टर स्केल्टर', बर्ड्सचे 'एट माइल्स हाय'. शेवटाकडे व्यासपीठावरचा सैतान आणि नरकात जन्मलेला देवदूत येतो, तेथे रोलिंग स्टोन्सच्या 'जंपिंग जॅक फ्लॅश'मधील नावही येते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे तो प्रसंग ऑल्टमाँटचा आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो.

त्याच्याही खाली विदूषक आहे. चित्रपट अभिनेता जेम्स डीनकडून उसना घेतलेला कोट घालून राजा-राणीसमोर गाणारा हा विदूषक म्हणजे बॉब डिलन आणि राजा म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली, असे अर्धशतकभर शिकवले गेले आहे. डिलन यांच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरचे जाकीट डीनच्या जाकिटाची आठवण करून देते हे खरे. मात्र २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या माहितीपटात मॅक्लीन यांनी हे दोन्ही अर्थ नाकारले. शेवटच्या कडव्यातले तिघेजण म्हणजे विमान अपघातात गेलेले तीन गायक की साठीच्या दशकात मारले गेलेले केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग, हे तर शब्दांवरून ठरवताच येत नाही, आणि ते ठरवण्याचा आग्रहही धरू नये असे मला वाटते. काही दावे मात्र सरळ खोटे आहेत. अपघातग्रस्त विमानाचे नाव 'अमेरिकन पाय' होते ही आख्यायिका वर्षानुवर्षे फिरते आहे. त्या बीचक्राफ्ट बोनान्झा विमानाला नोंदणी क्रमांकापलीकडे नाव नव्हते. २०१५ मध्ये गाण्याचे हस्तलिखित न्यूयॉर्कमध्ये बारा लाख डॉलरना विकले गेले, तेव्हा मॅक्लीन यांनी एवढेच सांगितले की गाण्यात गोष्टी चुकीच्या दिशेने जात आहेत आणि जगणे पूर्वीसारखे रम्य राहिलेले नाही. विदूषक कोण यावर भांडणाऱ्यांना हे उत्तर अपुरे वाटले असेल, पण पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत टिकणारा अर्थ तोच आहे.

येथे साहजिकच प्रश्न येतो की गीतकार स्वतः जे सांगतो ते अखेरचे मानावे का. त्याचा शब्द हा मोठा पुरावा आहे, पण तो एकमेव पुरावा नाही. बीटल्सच्या 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'मधील मुख्य नामांची आद्याक्षरे एलएसडी या मादक द्रव्याच्या नावाशी जुळतात हे १९६७ मध्येच लोकांच्या लक्षात आले. जॉन लेनन शेवटपर्यंत सांगत राहिले की शीर्षक त्यांच्या लहानग्या मुलाने, ज्युलियनने, बालवाडीतल्या लूसी नावाच्या मैत्रिणीचे काढलेले चित्र घरी आणले तेव्हा सुचले, आणि गाण्यातली नदी, होडी व चमत्कारिक दृश्ये लुईस कॅरल यांच्या ॲलिसच्या गोष्टींतून आली. ते चित्र खरोखर अस्तित्वात आहे. शिवाय एलएसडीच्या सेवनाविषयी लेनन उघडपणे बोलत असत, त्यामुळे याच एका गाण्यापुरते खोटे बोलण्याचे त्यांना कारण नव्हते. दुसरीकडे, गाण्यावर त्या द्रव्याचा प्रभाव उघडच दिसतो असे पॉल मॅकार्टनी यांनी २००४ मध्ये म्हटले. मला या दोन विधानांत विरोध दिसत नाही. शीर्षक कोठून आले हा एक प्रश्न आहे आणि ती दृश्ये त्या रंगांत का दिसली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चित्रात आहे, दुसऱ्याचे त्या काळात.

१९६७ मध्येच लेनन यांनी 'आय ॲम द वॉलरस' लिहिले, आणि त्यामागची हकिकत या विषयासाठी मोलाची आहे. त्यांच्या जुन्या शाळेतून, लिव्हरपूलच्या क्वॉरी बँकमधून, एका विद्यार्थ्याचे पत्र आले की वर्गात शिक्षक बीटल्सच्या गीतांचा अर्थ लावायला सांगतात. तेव्हा लेनन यांनी जाणीवपूर्वक, कोणाला उलगडता येऊ नये अशा असंबद्ध प्रतिमा एकामागून एक रचल्या. अर्थ नसणे हाच तेथे हेतू आहे, आणि असे गाणे नाद, लय व प्रतिमांच्या धक्क्यांसाठी ऐकावे; त्यात सूत्र शोधणे म्हणजे गीतकाराने मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या जागेत आपले सामान मांडणे होय.

उलट, जेथे सगळे सरळ लिहिलेले आहे तेथेही लोक गूढ शोधतात. 'डीप पर्पल'चे 'स्मोक ऑन द वॉटर' हा जवळजवळ वार्ताहराने दिलेला वृत्तांत आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झापा यांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कोणीतरी फ्लेअर बंदूक झाडली, कसिनोची इमारत जळून गेली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. बँड तेथे ध्वनिमुद्रणासाठी आलेला होता. त्यांनी समोरून ती आग पाहिली आणि नंतर एका रिकाम्या हॉटेलात काम पूर्ण केले. लोकांना आतून बाहेर काढणारे क्लॉड नोब्स हेही गाण्यात नावानिशी आहेत. 'द बँड'च्या 'द वेट' या १९६८ मधल्या गाण्यात थकलेला प्रवासी नाझरेथला पोचतो, आणि येशूच्या गावाचे नाव ऐकून अनेकांनी त्याचा धार्मिक अर्थ लावला. गीतकार रॉबी रॉबर्टसन यांना मात्र ते नाव आपल्या मार्टिन गिटारच्या आतल्या पट्टीवर दिसले होते, कारण मार्टिन कंपनीचा कारखाना पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावी आहे. फिल कॉलिन्स यांच्या 'इन द एअर टुनाइट' या १९८१ मधल्या गाण्यात बुडणाऱ्या माणसाला मदत न करण्याची ओळ आहे, आणि तेवढ्यावरून कॉलिन्स यांनी खरोखरच असे बुडणे पाहिले होते व त्या अपराध्याला कार्यक्रमात समोर बसवले होते अशी आख्यायिका तयार झाली. आपला घटस्फोट होत असताना आलेला तो राग होता आणि शब्द बहुतांशी उत्स्फूर्त होते, असे कॉलिन्स यांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

अर्थ लावण्याची ही हौस नेहमी निरुपद्रवी राहिलेली नाही. बीटल्सच्या १९६८ मधल्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये 'हेल्टर स्केल्टर' हे गाणे आहे. ब्रिटनच्या जत्रांत मनोऱ्याभोवती फिरत खाली येणारी घसरगुंडी असते, तिचे हे नाव. मॅकार्टनी यांना शक्य तितके कर्कश रॉकगीत करून पाहायचे होते. चार्ल्स मॅन्सन याने त्यात येऊ घातलेल्या वंशयुद्धाची भविष्यवाणी वाचली आणि ऑगस्ट १९६९ मधील हत्यांनंतर एका घरातील फ्रिजवर ते शब्द, चुकीच्या अक्षरांत, रक्ताने लिहिलेले सापडले. ध्वनिमुद्रिका उलट्या फिरवून त्यांत सैतानी संदेश ऐकण्याचे प्रकरण पुढे ऐंशीच्या दशकात गाजले. लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'वर हा आरोप झाला, आणि 'जूडास प्रीस्ट' या बँडवर तर दोन तरुणांच्या मृत्यूसाठी नेवाडातील रीनो येथे १९९० मध्ये खटला चालला व तो फेटाळला गेला. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठातील व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की उलट्या वाजवलेल्या बोलण्यातून ऐकणाऱ्याला अर्थ उमगत नाही, पण अमुक वाक्य ऐकू येईल असे आधी सांगितले की तेच वाक्य ऐकू येऊ लागते. सुलट्या वाजणाऱ्या गाण्यांनाही हा निष्कर्ष बराचसा लागू पडतो, म्हणून एखाद्या गाण्याचा प्रसिद्ध अर्थ वाचण्यापूर्वी ते एकदा स्वतः, शब्द समोर ठेवून ऐकावे असे मी आवर्जून सांगतो.

शेवटी ज्या गाण्याबद्दल मराठी वाचकाला थोडी अधिक आपुलकी असायला हरकत नाही, त्याकडे येतो. 'क्वीन'चे 'बोहेमियन रॅप्सडी' ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी. त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच 'द हेक्टिक्स' या शालेय बँडमध्ये ते पियानो वाजवत. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या गाण्याची वरची कथा स्पष्ट आहे: एक मुलगा आईला सांगतो की आपण एका माणसाला मारले, आपले आयुष्य आता वाया गेले, मग ऑपेराच्या थाटात एक चमत्कारिक सुनावणी होते, त्यात काही आवाज त्याला सोडा म्हणतात आणि काही सोडणार नाही म्हणतात, त्यानंतर संतापाचा उद्रेक, आणि अखेरीस काहीच महत्त्वाचे नाही अशी थकलेली शांतता. सुनावणीत इटालियन लोकनाट्यातला बढाईखोर स्कारामूश आहे, गॅलिलिओ आहे, मोझार्टच्या ऑपेरातला फिगारो आहे, 'बिस्मिल्ला' आहे आणि बीलझेबब हा सैतानही आहे. गॅलिलिओचे नाव खगोलशास्त्राचे विद्यार्थी असलेले बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्यासाठी घातले असावे असा तर्क केला जातो. 'बिस्मिल्ला' या शब्दावर अनेक पाश्चात्त्य टीकाकार थबकतात, पण बहुसंख्य वस्ती मुस्लिम असलेल्या झांझिबारमध्ये ज्याचे बालपण गेले त्याच्या कानांत तो शब्द असणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

मर्क्युरी यांनी अर्थ सांगण्याचे कायम टाळले. लोकांनी ऐकावे आणि आपापले ठरवावे, एवढेच ते म्हणत. त्यांच्या चरित्रकारांपैकी काहींनी आणि गीतकार टिम राइस यांनी असे मत मांडले आहे की गाण्यात मारलेला माणूस म्हणजे मर्क्युरी यांचे जुने, समाजाला दाखवलेले रूप आहे, आणि पुरुषांविषयीचे आपले आकर्षण मान्य करण्याचा तो क्षण आहे. मी मघापासून जी कसोटी लावतो आहे तिला हा अर्थ बऱ्याच अंशी उतरतो: आईपुढची कबुली, निघून जावे लागण्याची भीती, सोडणार नाही म्हणणारा जमाव, आणि मला दगड मारून वर माझ्यावर प्रेम कराल काय असा जाब, हे सारे त्यात एकत्र सामावते. तरीही लेखकाने त्याला दुजोरा दिलेला नाही, म्हणून तो 'शक्य आणि सुसंगत' या पायरीवरच ठेवला पाहिजे. २००४ मध्ये इराणमध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे निघाली, तेव्हा सोबतच्या पत्रकात अगदी निराळा अर्थ छापलेला होता: फाउस्टप्रमाणे सैतानाला आत्मा विकलेला तरुण फाशीच्या आदल्या रात्री बिस्मिल्ला म्हणून देवाचा धावा करतो आणि आपला आत्मा परत मिळवतो. शेवटच्या थकलेल्या ओळींत मात्र आत्मा परत मिळाल्याचा आनंद कोठेच नाही, आणि तेथे हा अर्थ अडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहात या गाण्याच्या मसुद्याची पाने सुमारे चौदा लाख पौंडांना विकली गेली, आणि त्यांतील एका पानावर असे दिसले की शीर्षकात आधी 'मंगोलियन रॅप्सडी' असे लिहून, पहिला शब्द खोडून त्याजागी 'बोहेमियन' लिहिलेले आहे. मसुदे हा या क्षेत्रातला सर्वांत कमी वापरलेला आणि सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे, कारण कोणता शब्द कशाच्या जागी आला हे त्यांत दिसते, आणि लेखकाने मुलाखतीत काय सांगितले किंवा टाळले यावर ते अवलंबून राहत नाही. या पानांनी मारलेला माणूस कोण हे सांगितलेले नाही. शीर्षकातील देश बदलता येत होता, म्हणजे बोहेमिया या प्रदेशाच्या नावावरून गाण्याचा अर्थ काढणाऱ्यांना आपला आधार पुन्हा तपासावा लागेल, एवढे मात्र त्यांवरून निश्चित म्हणता येते.